उतरत्या रेघेचं कारण

राज्याच्या आरोग्य विभागात तिसऱ्या मजल्यावर खर्चाचा अंदाज बांधणारी एक खोली होती. दुपारी तिथं इतकं ऊन यायचं की आकडेसुद्धा सुस्तावायचे. समोरच्या भिंतीवर चार रेघा होत्या: खाटांची, पगारांची, इमारतींची आणि औषधांची. पहिल्या तिघी घरंदाज. खाटांची रेघ वर्षानुवर्षं एकाच चालीनं चालायची, वाटेत कुणी भेटलं तरी न थांबता. पगारांची दरसाल एक पायरी चढायची आणि दम खायची. इमारतींची तर कुणी मोठा माणूस कोनशिला बसवायला येणार असला की उठून बसायची आणि तो गेला की पुन्हा आडवी व्हायची. औषधांची रेघ मात्र या घरातली नव्हतीच जणू. ती जिना एका दमात चढायची आणि वर पोचली की आणखी जिना मागायची.

या रेघेचा सांभाळ ज्याच्याकडे होता त्याला खोलीतले सगळे रेघोजी म्हणायचे. चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, बोलायला बेताचा. त्याच्याबद्दल दोनच गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. एक म्हणजे त्याचा शर्ट. राज्याचा खर्च अंगाबाहेर गेला तरी रेघोजीचा शर्ट अंगाबरोबर असायचा, कारण तो घरी मावशी बेतायची. दुसरी म्हणजे त्याला विनोद जमत नसे. तो विनोद करायचा तेव्हा लोक म्हणायचे, "असं का? अरेरे!"

दर तिमाहीला बैठक भरायची. मोठ्या मॅडम मध्ये बसायच्या, शेजारी वित्त विभागाचे एक साहेब, तोंडात कायम लवंग. एकेक औषधाचं पान उलटायचं. रेघ चढलेली असली की मॅडम चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "कारण?" त्यासाठी पानावर खास चौकट होती. रेघ उतरलेली असली की मान डोलवून म्हणायच्या, "छान. पुढचं पान." उतरण्याला चौकट नव्हती. कुणाला तिची उणीवही भासली नव्हती. चढणारा गुन्हेगार, उतरणारा पाहुणा, असा तिथला शिरस्ता.

त्यामुळे रेघोजीकडे चढण्याच्या कारणांचा मोठा साठा होता. औषध नवीन आलं. जुन्याचं नाव बदलून आलं. बनवणारा एकच उरला म्हणून त्यानं किंमत वाढवली. औषधाच्या किमतीही तीन असतात हे त्याला इथं येऊन कळलं होतं: डबीवर छापलेली, टेबलावर मागितलेली आणि दार लावून कानात सांगितलेली. आणि काहीच सापडलं नाही की तो लिहायचा, 'लोक जास्त जगू लागले.' हे कारण त्यानं इतकी वर्षं लिहिलं की एकदा वित्तवाल्या साहेबांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेत विचारलं, "यावर काही उपाय?" 

सगळ्यात खडी रेघ होती एका निळ्या कॅप्सूलची. दिवसाढवळ्या झोप येऊन माणूस जागच्या जागी कोसळतो असा एक आजार आहे. ही कॅप्सूल अशा माणसाला जागं ठेवते. अख्ख्या राज्यात तिच्यावर जगणारी माणसं सात. पण कॅप्सूल बनवणारा एकच, आणि तो दर वर्षी किंमत अशी वाढवायचा की त्या सात माणसांच्या जागेपणात एका गावाचा दवाखाना चालला असता. पैसे सरकार भरायचं. औषध मिळायचं शहरातल्या सरकारी दवाखान्याच्या एकाच खिडकीवर.

त्या सातांतली एक रेघोजीची मावशी.

तिनं उमेदीची वर्षं शर्टांच्या कारखान्यात कापड बेतण्यात घालवली होती. कागदी साचे कापडाच्या ठाणावर असे काही मांडायची की बाकीच्यांना जितके शर्ट निघायचे त्याहून तिला एक जास्त निघायचा. मालक तिला सणासुदीला शाबासकी द्यायचा आणि तो जास्तीचा शर्ट विकायचा. पुढं तिला ही झोप लागली. कात्री हातात, पाती उघडी, डोळे मिटलेले. कात्री थांबायची, पण आखलेली रेघ सोडायची नाही, असं जुने लोक अजून सांगतात. शिवाय हसू आलं की गुडघे सुटायचे. त्यामुळे गमत्या माणसांपासून तिला लांब राहावं लागायचं. भाच्यापासून त्या बाबतीत धोका नव्हता.

कॅप्सूल आली आणि मावशीला दुपार नावाची वस्तू परत मिळाली. दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीत बेतायचं लांब टेबल. त्याच्यावरच जेवण, त्याच्यावरच इस्त्री, त्याच्यावरच वर्तमानपत्र. ती खिडकीशी बसून रस्त्यावरची ये-जा बघायची, कुणाची पँट किती आखूड आहे ते मनात मोजायची, आणि भाच्याची वाट बघायची. त्याची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, तो शाळेत जायच्या आधीच गेली होती. तेव्हापासून ही दोघंच.

एका संध्याकाळी तो घरी आला तो खांदे पाडून.

"काय रे ठोंब्या, काज आहे आणि बटण हरवलंय असा चेहरा का?"

"काही नाही गं. रेघ."

"पुन्हा चढली?"

"चढली कसली, गच्चीवर जाऊन पाय सोडून बसलीय. मॅडम म्हणाल्या, रेघ तुमची, तुम्हीच उतरवा."

"कोण चढवतं रे तिला एवढं?"

"तुम्हीच की," तो बूट काढता काढता म्हणाला. "तू आणि तुझे ते झोपाळू दोस्त. सात माणसं मिळून राज्याला घाम फोडताय."

हा त्याचा विनोद होता. पण भाच्याला विनोद येत नाही हे मावशी इतकी वर्षं धरून चालली होती, म्हणून तिनं तो जशाच्या तसा खरा मानला. ती समोर ठाण पसरलं असावं तसं टेबलाकडे बघत राहिली. कापड कमी आहे, शर्ट तेवढेच हवेत. साचे जरा सरकवले तर? आयुष्यभर हाच हिशेब केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

महिन्याच्या औषधाच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर सातही जण यायचे. नात्यागोत्याचे नव्हते, पण एकाच झोपेची माणसं, भावकीच म्हणायची. त्यांत एक ट्रामवाला होता, झोपेपायी ट्राम सुटलेला, पण अंगावर अजून तीच टोपी. एक गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई होत्या. मावशीनं बाकावर सरळ विषय काढला.

"आपल्या कॅप्सुलीपायी माझ्या पोराला हापिसात बोलणी बसतात."

"कोण बोलतं?" ट्रामवाला ताठ झाला. "नुसतं नाव सांगा. मी बघतो त्याच्याकडे."

"तुम्ही कसले बघताय! बघता बघता घोरायला लागाल."

ट्रामवाला हसला आणि हसता हसता बाकावरून घसरला. दोघांनी काखेत हात घालून त्याला वर घेतलं. टोपी नीट केली.

"एक दिवसाआड घ्यायची," मावशी म्हणाली. "रेघेलाही जरा बसू द्या."

"मला चालेल," गाण्याच्या बाई पटकन म्हणाल्या. "रविवारी नाहीतरी शिकवणी नसते."

"मलाही," ट्रामवाला म्हणाला.

सगळेच हो म्हणाले. फारच लवकर म्हणाले. त्याग करायला माणसं इतकी तुरुतुरु निघाली की समजावं, पलीकडे काहीतरी जमेच्या बाजूला आहे. थोड्या वेळानं गाण्याच्या बाईंनीच पदराशी चाळा करत ते सांगून टाकलं.

"कॅप्सूल सुरू झाल्यापासून मला स्वप्नं पडत नाहीत हो."

 प्रत्येकजण आपापल्या चपलांकडे बघत होता. ती दिवसाची स्वप्नं होती. रात्रीच्या स्वप्नांसारखी धूसर नव्हती. खरीखुरी, उजेडातली, माणसाच्या वजनासकट येणारी. ट्रामवाल्याच्या स्वप्नात समुद्रावरून रूळ जायचे आणि प्रत्येक थांब्यावर ओळखीची माणसं सुटे पैसे घेऊन उभी असायची. ते त्यानं अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

खिडकीतली औषधवाली म्हणाली, "एवढ्याच?"

"घरी शिल्लक आहेत," मावशी म्हणाली.

औषधवालीनं नोंद केली. जास्त मागणाऱ्याला ती दहा प्रश्न विचारायची. कमी मागणाऱ्याला का म्हणून विचारायची पद्धत त्या खिडकीवरही नव्हती.

मग मावशीच्या दुपारी बदलल्या. एक दिवस जागी, एक दिवस तरंगती. तरंगत्या दिवशी ऊन टेबलावर आलं की खोलीच्या कडा मऊ व्हायच्या. भिंती ओल्या कापडासारख्या किंचित हलायच्या, रस्त्यावरचा आवाज कुणीतरी घडी घालून कपाटात ठेवल्यासारखा कमी व्हायचा. आणि दार न वाजवता ताई आत यायची. ओठांत टाचण्या, गळ्यात मोजपट्टी, दोघी कामाला जायच्या त्या कारखान्यातला निळा झगा. ती गेली त्या वयाची. मावशी आता सत्तरीची, त्यामुळे थोरली बहीण तिला लेकीसारखी दिसायची. पण बोलणं मात्र थोरलीचंच.

"बाही आखूड बेतलीस," ताई टाचण्यांमधून म्हणायची.

"त्याचे हातच आखूड आहेत. तुझ्यावर गेलाय."

"माझ्यावर? माझे हात कुठे आखूड होते? बापावर गेलाय म्हण."

ताई टेबलावर चढून पाय हलवत बसायची. तिच्या पायांची सावली पडायची, आणि ती सावली पायांच्या जरा आधी हलायची. मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. ती विचारायची, तिकडे कापड कसलं मिळतं? ताई म्हणायची, तलम, पण मापं कुणी देत नाही. मग दोघी बराच वेळ काही न बोलता एकच चादर दोन टोकांना धरून घडी घालत राहायच्या, आणि चादर कितीही घडी घातली तरी तेवढीच लांब उरायची.

इकडे तिसऱ्या मजल्यावर निळ्या कॅप्सूलची रेघ थबकली. पुढच्या बैठकीला तिनं मान खाली घातली. त्याच्या पुढच्या बैठकीला ती चक्क उतरली, पोर जिन्याच्या कठड्यावरून घसरतं तशी. रेघोजीनं तिला तीनदा तपासलं. आकडे बरोबर होते.

"छान!" मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं पान न उलटता त्याच पानावर थांबल्या. असं कधी होत नसे. "काय केलंत हो तुम्ही?"

"मी... पाठपुरावा," रेघोजी म्हणाला. हा शब्द त्या खोलीत कुठंही चालायचा.

वित्तवाले साहेब खूश झाले. गरज निम्म्यावर आली याचा अर्थ लोक बरे होत आहेत, नाहीतर आधी उगाच जास्त घेत होते. तेव्हा पुढच्या तीन वर्षांची मंजुरी या नव्या पातळीवरच बांधून टाकू, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात त्यासाठी खास बैठक आणि सही. आणि मॅडमनी जाता जाता सांगितलं, उपप्रमुखाची जागा रिकामी आहे, तुमचं नाव घालते. आज लवकर घरी जा, घरच्यांना सांगा.

उपप्रमुखाची खुर्ची उन्हापासून लांब होती. तिला हात टेकायला दांड्या होत्या. रेघोजी पंधरा वर्षं बिनदांड्यांच्या खुर्चीवर बसला होता. घरी जाताना त्याचे हात बाजूला जरा उचललेलेच होते.

दुपारी तो कधी घरी गेलाच नव्हता. जिन्यात ऊन कसं पडतं तेही त्यानं पहिल्यांदा पाहिलं. दाराशी पोचला तेव्हा जळका वास आला.

मावशी टेबलाशी उभी होती. डोळे अर्धे उघडे, चेहरा प्रसन्न, हातात इस्त्री; आणि इस्त्री त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर टेकलेली. शर्टातून धूर निघत होता. मावशी कुणाशी तरी बोलत होती.

"अगं बस ना, इतक्यात कुठे निघालीस? तो येईलच."

त्यानं झेप घालून इस्त्री उचलली. खाली टेबलाच्या लाकडावर काळं त्रिकोणी तोंड उमटलं होतं. मावशीचा डावा हात त्याच्या बोटभर अंतरावर पडला होता, पंजा उघडा, जणू कुणाच्या हातात दिलेला.

"मावशी!"

ती हळूहळू वर आली, विहिरीतून पोहरा यावा तशी. आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या मोकळ्या जागेकडे, मग शर्टाकडे.

"गेला वाटतं," ती शर्टाबद्दल म्हणाली. "तू एवढ्या लवकर कसा?"

"कॅप्सूल घेतली नाहीस?"

"आज नाही."

"आज नाही म्हणजे?"

मावशीनं जळका शर्ट उचलला, भोकातून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रेघ उतरली ना?"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो स्टुलावर बसला. सातही जण? सातही. कधीपासून? तू चेहरा पाडून आलास तेव्हापासून.

"माझ्यासाठी केलंस हे?"

"तुझ्यासाठीच. म्हणजे... बरंचसं."

"बरंचसं?"

"थोडं ताईसाठी." मावशी ओशाळली. चोरून गोड खाताना सापडल्यासारखी. "ती येते रे दुपारची. एक दिवसाआड. तुझी चौकशी करते."

रेघोजीला आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटोतला माहीत होता, पण तो आठवणं नव्हे. त्याला विचारावंसं वाटलं, काय विचारते? पण त्याच्यातला हिशेबी माणूस आधी जागा झाला.

"हात भाजला असता तुझा. घर पेटलं असतं."

"पेटलं नाही ना?"

"आणि बाकीच्यांचं? त्यांना कुणाला काही झालं का?"

मावशी शर्टाची घडी घालायला लागली. जळक्या शर्टाची घडी कोण घालतं! त्यानंच तिचा हात धरला.

"ट्रामवाल्यांच्या हनुवटीला टाके पडले," ती म्हणाली. "दवाखान्याच्या जिन्यावरच झोपले. दोन दिवस ठेवून घेतलं त्यांना. पण त्यांची काही तक्रार नाही हं. म्हणतात, पडता पडता समुद्रच दिसत होता."

म्हणजे ते बिल खाटांच्या रेघेत गेलं, रेघोजीच्या मनात आलं. इकडे उतरलं ते तिकडे चढलं, आणि खाटांच्या रेघेला एवढ्यातेवढ्याचा पत्ताही लागला नसेल.

मग त्यानं तिला तीन वर्षांच्या मंजुरीचं सांगितलं. "आज घ्यायची की नाही हे तुझ्या हातात आहे. पुढच्या आठवड्यात सही झाली की खिडकीवर निम्म्याच येणार. मग तू म्हणालीस की रोज हवी, तरी मिळायची नाही. तुलाही नाही, ट्रामवाल्यांनाही नाही. उद्या आठवा कुणी आला, एखादी पोरं असलेली बाई, तर तिलाही नाही."

मावशीनं टेबलावरून हात फिरवला. कापड वाचलं की मालक पुढच्या वेळी ठाणच छोटं देतो. हे तिला खरं तर इतर कुणाहूनही जास्त माहीत असायला हवं होतं.

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं तर वरची खुर्ची गेली."

"कशी आहे खुर्ची?"

"दांड्या आहेत. हात टेकायला."

 तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. आखूड होते.

बैठकीचा दिवस उजाडेपर्यंत रेघोजी सगळं बघत होता, पण पाण्याखालून. ऑफिसातले लोक आधीच त्याला 'साहेब' म्हणायला लागले होते, चिडवायला अर्धं आणि सोयीसाठी अर्धं. सांगायचं नाही असं ठरवलं तरी मावशीला तो स्वतःच्या पगारातून थोड्या कॅप्सूल घेऊन देईल, असा हिशेब त्यानं मांडून पाहिला. उपप्रमुखाचा अख्खा पगार त्यात जात होता आणि तरी महिना अर्धाच भरत होता. बाकीच्या सहांचा रकाना त्यानं आखला आणि रिकामा ठेवला. त्या रिकाम्या रकान्यात ट्रामवाला टोपी घालून बसलेला दिसायला लागला. त्यानं कागद उलटा करून ठेवला, तर उलट्या बाजूनंही तो दिसत होता.

बैठक भरली. ऊन नेहमीसारखं भिंतीवर चढलं होतं, रेघांच्या अंगावर पसरून. मॅडमनी निळ्या कॅप्सूलचं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"छान. सही करते. पुढचं—"

"कारण राहिलं, मॅडम," रेघोजी म्हणाला.

"कशाचं?"

"उतरण्याचं."

"उतरण्याला कारण नसतं हो." मॅडम हसल्या. "चौकटच नाहीये."

"आहे. कारण आहे. माझी मावशी."

सगळे हसले. त्याच्या बोलण्याला लोक हसण्याची ही पहिलीच वेळ, आणि नेमका तेव्हा तो विनोद करत नव्हता. हसणं ओसरेपर्यंत तो उभाच राहिला आणि मग त्यानं सांगितलं: आपणच घरी जाऊन बोललो ते, बाकावरची बोलणी, एक दिवसाआड, इस्त्री, हनुवटी. पाठपुरावा वगैरे काही नव्हता, तेही सांगितलं. ताईचं तेवढं नाही सांगितलं. ते राज्याच्या खर्चात बसत नव्हतं.

वित्तवाल्या साहेबांनी लवंग चावणं थांबवलं. "म्हणजे निम्म्यावर त्यांचं भागलं. तेच तर आम्ही म्हणतोय."

"भागलं नाही, साहेब. खाटांच्या रेघेत बघा. गेल्या महिन्यात, टाके आणि दोन दिवसांची खाट. एकाचंच आहे. अजून सहा जण जिने चढताहेत."

मॅडम उठून भिंतीपाशी गेल्या. खाटांच्या रेघेवर त्यांनी चष्मा वर करून नाक टेकवलं. एवढीशी गाठ होती, सुताला असते तशी. माहीत असल्याशिवाय दिसणार नाही. 

"हे तुम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं असतं तर?" त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या.

"तोवर मंजुरी झाली असती."

"तेच म्हणतेय मी."

"हो, मॅडम. मलाही तेच वाटत होतं. कालपर्यंत."

परत येऊन त्यांनी टोपण लावलं. मंजुरी जुन्या पातळीवर ठेवायची, असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. वित्तवाले साहेब कुरकुरले. इतकी सुंदर उतरलेली रेघ पुन्हा चढवायची म्हणजे! मॅडम म्हणाल्या, "उपप्रमुखाचं तूर्त राहू दे." कुणाकडे न बघता म्हणाल्या. मग मात्र रेघोजीकडे बघून बोलल्या, "आणि तुमच्या मावशींना माझा निरोप द्या. पुन्हा राज्याचा खर्च उतरवावासा वाटला तर त्या सातही जणांना घेऊन कॅप्सूल बनवणाऱ्याच्या दारात जाऊन झोपा म्हणावं."

यावर तो हसला. एकटाच.

घरी पोचला तेव्हा ऊन टेबलावर आलेलं होतं. मावशी खुर्चीत होती, मान किंचित कलती, हात हवेत काहीतरी धरून. चादरीचं टोक धरावं तसे. इस्त्री कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मावशीनं खालच्या मजल्यावर देऊन ठेवली होती. एवढं तिनं केलं होतं.

तो समोर बसला. तिला उठवावंसं वाटेना. खोलीत खरंच कुणीतरी असल्यासारखी हवा होती, नुकतं कुणी बोलून थांबावं तशी.

"आला बघ," मावशी झोपेत म्हणाली. मग ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाळलाय कुठे? तसाच आहे. तुला आपलं उगाच."

रेघोजीनं घसा साफ केला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि तरी त्यानं केलं. "तिला सांग," तो हळूच म्हणाला, "मी खुर्ची घालवली."

मावशी मिटल्या डोळ्यांनी जरा वेळ थांबली. "ती विचारतेय, कसली खुर्ची?"

आता ते कसं सांगणार! त्यानं सांगायला तोंड उघडलं, मिटलं. "काही नाही. दांड्यांची होती."

मावशी हसली असावी, कारण तिचे गुडघे सैलावले आणि हवेतलं ते टोक सुटलं. ती जागी झाली.

"कुणाशी बोलत होतास?"

"तुझ्याशीच."

"रेघ?"

"चढणार."

"किती?"

"होती तितकी. सात माणसांची."

मावशीनं मान हलवली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कॉलरकडे, बाहीकडे, सगळं मापात आहे की नाही ते बघितल्यासारखं.

"रोज घ्यायची म्हणजे रोज?"

"रोज."

"रविवारीसुद्धा?"

"मावशी..."

"बरं, बरं. विचारलं." ती म्हणाली. "आण पाणी."

त्यानं पेला भरून आणला. एका हातात पेला, एका हातात निळी कॅप्सूल. मावशीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"जरा थांब."

"आता काय?"

"अरे, ती अजून बसलीय."

टेबलाच्या त्या बाजूला ऊन होतं, बाकी काही नव्हतं. रेघोजी पेला धरून उभा राहिला. दार अर्धवट लोटलेलं होतं. ते त्यानं पायानं पुरतं उघडलं आणि वाटेतून बाजूला झाला. कुणाच्या येण्याजाण्यासाठी होतात तसा. पेल्यातलं पाणी हलायचं थांबलं.

"गेली," मावशी म्हणाली. "दे."